कांचेच्या कुपींतील अमर हृदय

न्यूयॉर्क शहरांतील रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेंत १७ जानेवारी १९१२ रोजीं डॉ. अलेक्सी कॅरेल यांनीं कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या हृदयाचा एक लहानसा तुकडा कापून कांचेच्या कुपींत ठेविला. त्याला रक्तरसाचा व गर्भरसाचा आहार मिळूं लागला आणि तो वाढूं लागला. तें पिलूं अंड्यांतून बाहेर आलें असतें, तर पांचदहा वर्षांत त्याचें आयुष्य संपलें असतें. त्याच्या हृदयाचा तुकडा मात्र पुढें ३४ वर्षें एका कुपींतून दुसऱ्या कुपींत जात राहिला, आणि ज्यानें तो कापला त्या शास्त्रज्ञाच्या मरणानंतरहि तो जिवंतच होता. या अवधींत जीवशास्त्रज्ञांची अशी खात्री होऊन बसली कीं, शरीरांतील पेशी स्वभावतः अमर आहेत. वार्धक्य व मृत्यु हे सबंध शरीराच्या व्यवस्थेंतील दोष होत. दोष म्हटला कीं तो दुरुस्त करतां येईल अशी आशा आलीच. विज्ञान एक दिवस जरामरणाचा अंत करील, या आशेला एवढा भक्कम आधार पूर्वीं कधीं मिळाला नव्हता. तो आधार खोटा होता, हें कळण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें.

आशा मात्र कॅरेल यांच्याहून फार जुनी. पुत्राचें तारुण्य मागून घेणारा ययाति आणि अश्विनीकुमारांच्या कृपेनें पुन्हा तरुण झालेला च्यवन यांच्या कथा ज्या देशांत घरोघर ठाऊक आहेत, तेथें तिचें जुनेपण सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फरक झाला तो इतकाच कीं, वर देणाऱ्या देवतेच्या जागीं प्रयोगशाळा आली. १ जून १८८९ रोजीं पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळापुढें शार्ल ब्राउन-सेकार हे प्राध्यापक बोलावयास उभे राहिले. क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या पश्चात् त्याचें अध्यासन यांच्याकडे आलेलें. मज्जारज्जूवरील त्यांच्या संशोधनाला युरोपांत मोठा मान. वय ७२ वर्षें. त्यांनीं सांगितलें तें असें कीं, कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःस टोंचून घेतला आणि गेलेली शक्ति परत आली. जिना पुन्हा धांवत चढतां येऊं लागला, तासन् तास उभें राहून काम करतां येऊं लागलें. बघतां बघतां या अर्काची मागणी युरोप-अमेरिकेंत पसरली. पुढें १९३५ मध्यें टेस्टॉस्टेरॉन हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तें पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, त्यामुळें ब्राउन-सेकार यांच्या अर्कांत तें नांवापुरतेंच असणार. म्हाताऱ्या प्राध्यापकाला जिना चढविला तो मनानें. ते १८९४ मध्यें वारले. त्यांच्या चुकीमुळें ग्रंथींच्या स्रावांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. सर्वच चुका वांझ नसतात.

त्यानंतर पॅरिसच्याच पाश्चर संस्थेंतील एली मेचनिकॉफ यांनीं निराळें निदान केलें. रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हें दाखविणारे हे शास्त्रज्ञ. १९०८ चें नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर मिळालें. त्यांच्या मतें मोठ्या आंतड्यांतील जंतु अन्न कुजवितात आणि त्या विषानें शरीर अकालीं जीर्ण होतें. उपाय म्हणून त्यांनीं बल्गेरियांतल्या शेतकऱ्यांप्रमाणें आंबविलेलें दूध घेण्याचा उपदेश केला व स्वतः तो पाळला. पॅरिसमध्यें दह्याला औषधाचा भाव आला. जेवणाचा शेवट ताकभातानें करणाऱ्या महाराष्ट्रीयास याची गंमत वाटेल, कारण ताक पिऊन कोणी अमर झाल्याचें इकडे ऐकिवांत नाहीं. मेचनिकॉफ १९१६ मध्यें ७१ व्या वर्षीं निवर्तले. या गुरूचा ओडेसा येथील एक विद्यार्थी, वाल्डेमार हाफकिन, १८९७ च्या जानेवारींत मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची नवी लस प्रथम स्वतःस टोंचून घेत होता. गुरूनें म्हातारपणाचा पाठलाग केला, शिष्यानें अकालमृत्यूचा. दोघांपैकीं कोणाच्या हातून माणसांचीं अधिक वर्षें वांचलीं, हें परळच्या हाफकिन संस्थेवरून जाणाऱ्या मुंबईकराला सांगावें लागत नाहीं.

वोरोनॉफ यांच्या माकडांविषयीं थोडक्यांत सांगितलें तरी पुरे. १९२० पासून या शल्यवैद्यानें पॅरिसमध्यें चिंपांझी व बबून माकडांच्या वृषणांच्या चकत्या श्रीमंत वृद्धांच्या शरीरांत बसविल्या. एका प्राण्याचें मांस दुसऱ्याच्या शरीरांत रुजत नाहीं, तें शरीर त्याचा नाश करतें. हें उघड होईपर्यंत शेंकडों लोकांनीं पैसे मोजले होते.

कॅरेल यांची गोष्ट या सर्वांहून निराळी, आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगी. ते गारुडी नव्हते. फ्रान्समधील लियों शहराजवळ १८७३ मध्यें जन्मलेल्या या शल्यवैद्यानें फाटलेल्या रक्तवाहिन्या शिवण्याची अशी पद्धति बसविली कीं, आजच्या अवयवरोपणाचा पाया तीच होय. त्याबद्दल १९१२ मध्येंच त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. शरीराबाहेर पेशी वाढविण्याची युक्ति रॉस हॅरिसन यांनीं १९०७ मध्यें बेडकाच्या मज्जातंतूंवर दाखविली होती. ती कॅरेल यांनीं उचलली आणि नेटानें पुढें नेली. त्यांच्या विभागांत माणसें पायघोळ काळे झगे व काळ्या टोप्या घालून काम करीत, आणि भिंतींचे रंगहि तसेच गडद होते. या कामांत स्वच्छता अत्यावश्यक आहे यांत शंका नाहीं. परंतु त्या थाटामुळें एक वेगळाच परिणाम झाला. हें काम येरागबाळ्याचें नव्हे, अशी इतर संशोधकांची समजूत झाली.

कुपींतील त्या तुकड्याचें पुढें काय झालें? आरंभीं तो हृदयासारखा स्पंदन पावत असे. कांहीं महिन्यांत स्पंदन थांबलें आणि उरल्या त्या जोडतंतूंच्या साध्या पेशी. म्हणजे ज्याला जग ‘अमर हृदय’ म्हणत होतें, तें हृदय राहिलेंच नव्हतें. पण वर्तमानपत्रांना याच्याशीं कर्तव्य नव्हतें. न्यूयॉर्कचें एक पत्र दर जानेवारींत त्याचा वाढदिवस साजरा करी. सर्व पेशी वाढूं दिल्या असत्या तर त्यांचा गोळा पृथ्वीहूनहि मोठा झाला असता, असले हिशेब मांडले जात. महायुद्धाच्या काळांत कॅरेल फ्रान्सला गेले तेव्हांपासून अल्बर्ट एबेलिंग या सहकाऱ्यानें तो सांभाळला. ठराविक दिवसांनीं तुकडा धुवावा, कापावा, नव्या कुपींत घालावा आणि कोंबडीच्या ताज्या गर्भाचा रस पाजावा, असा तो क्रम होता. या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व पुढें कळेल.

कॅरेल यांचें पुढील आयुष्य सुखाचें वाचन नव्हे. पेशींना अनंत आयुष्य देऊं पाहणाऱ्या या माणसानें १९३५ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथांत घोर गुन्हेगारांना विषारी वायूनें संपवावें असेंहि सुचविलें. अमरत्व कोणाकोणाच्या वांट्यास यावयाचें, हा प्रश्न ज्यांना अवास्तव वाटतो त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. ते ५ नोव्हेंबर १९४४ रोजीं पॅरिसमध्यें वारले. १९४६ मध्यें कुपींतील पेशी टाकून देण्यांत आल्या.

या ३४ वर्षांत इतर प्रयोगशाळांचा अनुभव काय होता? साध्या, निरोगी पेशी त्यांच्याकडे कांहीं काळ वाढत आणि मग मरत. यावरून कॅरेल यांच्या विधानाबद्दल शंका यावयास हवी होती. झालें उलट. पेशी मेल्या म्हणजे आहारांत कांहीं उणें पडलें असावें, हात पुरेसा स्वच्छ नसावा, असें ज्याचा तो समजे. अपयश जेथें नेहमीं प्रयोग करणाराच्या माथीं येतें, तेथें सिद्धांताला धक्का बसणार कसा? १८८१ मध्यें ऑगस्ट वाइझमान या जर्मन पंडितानें शरीरपेशींच्या विभाजनाला मर्यादा असावी असा तर्क केला होता. तो तर कोणी आठवीनासें झालें. पुढें १९५१ मध्यें बाल्टिमोर येथें हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णी स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांतून, तिची संमति न घेतां, घेतलेल्या पेशी खरोखरच अखंड वाढत राहिल्या. ती बिचारी त्याच वर्षीं गेली. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजहि वाढत आहेत. कॅरेल यांचें म्हणणें यानें पक्कें झालें असें अनेकांना वाटलें. त्या पेशी निरोगी नव्हत्या, ही गोष्ट दुर्लक्षिली गेली.

कोडें उलगडलें तें फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेंत. तेथें लेनर्ड हेफ्लिक हा तरुण संशोधक मानवी गर्भाच्या फुप्फुसांतील पेशी वाढवीत होता. कांहीं महिन्यांनीं जुन्या कुप्यांतील पेशींची वाढ थांबे. त्याच वेळीं, त्याच खोलींत, त्याच आहारावर, त्याच हातांनीं जोपासलेल्या नव्या कुप्यांतील पेशी मात्र जोमानें वाढत. आहार वाईट असता तर सर्वच कुप्या बिघडल्या असत्या. हेफ्लिक यानें मोजणी ठेवली होती. सुमारें ५० वेळां दुप्पट झाल्यावर पेशी थांबत. पॉल मूरहेड या सहकाऱ्याबरोबर त्यानें एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. पुष्कळ विभाजनें झालेल्या पुरुषपेशी आणि थोडीं विभाजनें झालेल्या स्त्रीपेशी एकाच कुपींत मिसळल्या. गुणसूत्रांवरून दोन्ही ओळखतां येतात. निराळ्या ठेवलेल्या वृद्ध पुरुषपेशींची वाढ थांबली, त्या सुमारास मिश्र कुपी तपासली, तेव्हां तींत केवळ स्त्रीपेशीच सांपडल्या. एकाच घरांत, एकाच अन्नावर राहून वृद्ध संपल्या आणि तरुण उरल्या. म्हणजे घड्याळ बाहेर कोठें नव्हतें; पेशीच्या आंतच तें चालत होतें.

निबंध प्रथम ज्या मासिकाकडे गेला तें रॉकफेलर संस्थेचेंच. कॅरेल यांचा १९१२ चा मूळ लेख याच मासिकांत आला होता. संपादक पेटन राउस हे स्वतः थोर शास्त्रज्ञ, १९६६ चे नोबेल-मानकरी. योग्य आहार मिळाल्यास पेशी अखंड वाढतात हें पन्नास वर्षांचें निश्चित ज्ञान होय, अशा आशयाचें उत्तर देऊन त्यांनीं तो परत केला. निबंध १९६१ मध्यें दुसरीकडे प्रसिद्ध झाला. हेफ्लिक यानें आपल्या पेशी शंकेखोर तज्ज्ञांकडे पाठविल्या आणि त्या केव्हां थांबतील तेंहि आधींच कळविलें. त्या तशाच थांबल्या. याला ‘हेफ्लिक-मर्यादा’ हें नांव मॅकफार्लेन बर्नेट यांनीं १९७४ मध्यें दिलें.

मग कॅरेल यांची कुपी ३४ वर्षें कशी चालली? गर्भाचा जो रस ठराविक दिवसांनीं पाजला जाई, तो नीट गाळला नसेल तर त्याच्याबरोबर नव्या, ताज्या पेशीहि कुपींत पडत असल्या पाहिजेत, असा तर्क हेफ्लिक यानेंच मांडला. जुन्या मरत, नव्या त्यांची जागा घेत. हें नकळत झालें कीं कोणी जाणूनबुजून केलें, याचा निवाडा आतां होण्यासारखा नाहीं. १९८० मध्यें जॅन विटकोव्स्की यांनीं सर्व कागदपत्रांचा परामर्श घेतला, त्यांतूनहि संशय पुरता फिटला नाहीं. गुन्हा कॅरेल यांचा असो वा नसो, जगानें अर्धें शतक एका कुपीवर विश्वास ठेवला तो त्या कुपीच्या पुराव्यामुळें जेवढा, तेवढाच स्वतःच्या इच्छेमुळें.

पेशीच्या आंतलें घड्याळ कोणतें, याचा तर्क मॉस्कोच्या अलेक्सेई ओलोव्निकोव यांनीं हेफ्लिक याचें काम ऐकून १९७१ मध्यें मांडला. गुणसूत्राची नक्कल होतांना त्याचें टोंक दर खेपेस थोडें अपुरें राहतें. टोंकें फार आखूड झालीं कीं विभाजन थांबतें. कॅरल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना १९८४ च्या नाताळांत, तळ्यांतील एका सूक्ष्म जीवामध्यें, हीं टोंकें पुन्हा लांबविणारा टेलोमरेज हा पदार्थ सांपडला. त्याबद्दल जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना २००९ चें नोबेल मिळालें. १९९८ मध्यें मानवी पेशींना टेलोमरेज देऊन हेफ्लिक-मर्यादा ओलांडल्याचें सिद्ध झालें आणि वर्तमानपत्रांत पुन्हा अमरत्वाचे मथळे झळकले. परंतु बहुसंख्य कर्करोगांच्या पेशी हाच पदार्थ जागा करून अखंड वाढतात. हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींचें रहस्य यांतच होतें. पेशीला घातलेली मर्यादा ही कदाचित् शरीराच्या संरक्षणाची एक तटबंदीच असावी. शिवाय मेंदूंतील व हृदयाच्या स्नायूंतील पेशी क्वचितच विभागतात, तरी त्या वृद्ध होतातच. तेव्हां हें एकच घड्याळ सर्व वार्धक्याचें कारण मानणें म्हणजे कॅरेल यांचीच घाई निराळ्या रीतीनें करणें होय.

आशा अर्थात् मावळलेली नाहीं. शिन्या यामानाका यांनीं २००६ मध्यें चार जनुकांच्या साह्यानें उंदराच्या प्रौढ पेशी गर्भावस्थेंतील पेशींसारख्या करून दाखविल्या, तेव्हांपासून तिला नवें बळ आलें आहे. २०१३ मध्यें गूगलनें वार्धक्याच्या संशोधनासाठीं कॅलिको नांवाची स्वतंत्र कंपनी काढली. स्वच्छ पाणी, लसी व औषधें यांनीं सरासरी आयुर्मान पुष्कळ वाढविलें. कमाल मर्यादा मात्र फ्रान्सच्या झान काल्मां या बाईंनीं १९९७ मध्यें गांठलेल्या १२२ वर्षांपलीकडे अद्याप गेलेली नाहीं. हेफ्लिक यांना स्वतःला चिरतारुण्याच्या व्यापाराची चीड होती. असलें कोणतेंहि औषध आज अस्तित्वांत नाहीं, असें ५१ शास्त्रज्ञांच्या सहीचें निवेदन काढण्यांत २००२ मध्यें ते पुढें होते. २०२४ मध्यें ते ९६ व्या वर्षीं वारले.

त्यांनीं १९६२ मध्यें तयार केलेल्या ‘डब्ल्यू. आय. ३८’ या पेशींच्या शेंकडों कुप्या गोठवून ठेवल्या होत्या. अशी कुपी पुष्कळ वर्षांनीं उघडली तरी पेशींचा हिशेब चुकत नाहीं; विसाव्या दुपटीस गोठविलेल्या पेशी आणखी तीस वेळां दुप्पट होतात आणि थांबतात. याच पेशींवर विस्टार संस्थेंत स्टॅन्ले प्लॉटकिन यांनीं रुबेलाची लस सिद्ध केली. त्या लसीचा तोच वाण आज पुण्याच्या सीरम संस्थेंत अशाच, ठराविक आयुष्याच्या, मानवी पेशींवर वाढविला जातो आणि तेथून देशोदेशींच्या मुलांना टोंचला जातो.