पणदऱ्याचा ऊस आणि बंदरातल्या सोळा पायऱ्या

बारामतीहून नीरेकडे जाताना माळेगाव मागं पडलं की पणदरे लागतं. नोव्हेंबर उजाडला की या रस्त्याचं रूपच पालटतं. ट्रॅक्टरमागं जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, बैलांच्या टायरगाड्या, त्यांवर खच्चून रचलेल्या मोळ्या, कडेला सांडलेलं वाढं आणि रानाच्या कोपऱ्यात पाचटानं शाकारलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेली ही माणसं पाच-सहा महिने इथं राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की गावाकडे परततात.

याच दिवसांत, 2 नोव्हेंबरला, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर सार्वजनिक सुट्टी असते. 1834 साली त्या दिवशी कलकत्त्याहून निघालेलं ‘ॲटलस’ हे जहाज 36 मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागलं होतं. उसाच्या मळ्यात राबायला आलेली परक्या मुलखातली ही माणसं. त्यांच्या पावलांचा दिवस एका देशानं राष्ट्रीय सुट्टीचा दिवस करून घेतला. फ्रेंच आणि क्रिओल बोलणारं हे छोटं बेट आपला समाज जगापुढं कसा मांडतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या दिवसापासून करावी लागते. त्या मांडणीत मराठी माणसाचीही जागा आहे, आणि उसावर जगणाऱ्या नीरा खोऱ्यानं ती पाहावी अशी आहे.

बेटाला मॉरिशस हे नाव दिलं डचांनी, 1598 साली, आपल्या राजपुत्र मॉरित्सवरून. 1710 मध्ये ते बेट सोडून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा सांगितला आणि नाव ठेवलं ‘इल द फ्रान्स’. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले, पाँडिचेरीकडून तमिळ कारागीर आले, पोर्ट लुई बंदर उभं राहिलं. डिसेंबर 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. पण शरणागतीच्या करारात रहिवाशांचा धर्म, कायदे, रूढी आणि मालमत्ता यांना हात लावणार नाही असं मान्य केलं. त्यामुळं राज्य इंग्रजांचं आणि मळे, दिवाणखाने, वर्तमानपत्रं फ्रेंचांची, अशी घडी बसली. ती बरीचशी आजही तशीच आहे. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सदस्याला फ्रेंचमध्ये बोलता येतं. मोठी वृत्तपत्रं फ्रेंचमध्ये निघतात. आणि घरात, बाजारात, बसमध्ये बहुतेक सगळे बोलतात ती फ्रेंचपासून मळ्यांवर घडलेली क्रिओल.

1 फेब्रुवारी 1835 रोजी बेटावरची गुलामगिरी कायद्यानं संपली. ऊस मात्र उभा होता. मळेवाल्यांना हात हवे होते आणि ते हिंदुस्थानात मिळाले. 1834 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास पाच लाख माणसं करारावर पोर्ट लुईला उतरली. त्यांतली काही तिथूनच दुसऱ्या वसाहतींत पाठवली गेली. सर्वाधिक लोक कलकत्त्याहून गेले, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानानं थोडे. त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडच्या माणसांचा भरणा मोठा होता. 1861 पर्यंत बेटावरच्या दर तीन माणसांत सुमारे दोन भारतीय झाले होते.

त्या कराराची कलमं पणदऱ्याच्या फडात वाचून दाखवली, तर तोडणीवाल्यांना ती ओळखीची वाटतील. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये, वर शिधा. माणसं गोळा करणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा ‘सरदार’; आपल्याकडे त्या कामाला मुकादम आहे. आगाऊ रक्कम घेऊन बांधलं जाणं तिथंही होतं, आपल्याकडे त्याला उचल म्हणतात. तिथं एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. इथंही नवरा-बायकोच्या जोडीला एकच ‘कोयता’ धरतात आणि खाडा झाला की दंड बसतो. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. इथला मजूर कायद्यानं मोकळा आहे, मतदार आहे, हंगाम सरल्यावर घरी जातो. पण ऊस हे पीकच असं आहे की त्याला कारखान्याच्या चाकाबरोबर पळणारी, गावापासून तुटलेली माणसं लागतात. समुद्रापलीकडे तेच झालं, कालव्याकाठी तेच झालं.

माणसं तिकडे गेली, तसा ऊस तिकडून इकडेही आला. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून ज्याचं नाव पुढं गाजलं, त्या स्लीमननं 1827 मध्ये मॉरिशसहून ताहिती जातीच्या जाड उसाचं बेणं हिंदुस्थानात आणलं. नीरा डावा कालवा वाहू लागला तो 1885 मध्ये. 1876-77 च्या दुष्काळानं होरपळलेल्या मुलखासाठी तो खोदला होता. ज्वारी-बाजरीच्या रानात त्यानं बागायत आणली आणि हळूहळू ऊस हेच मुख्य पीक झालं. 1932 मध्ये नीरेजवळच पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आलं. आज शेतकऱ्याच्या तोंडी असलेल्या को 86032 या वाणाचं महाराष्ट्रातलं नाव ‘नीरा’ असंच आहे.

मॉरिशसच्या मजुरांचं गाऱ्हाणं जगापुढं पहिल्यांदा ठामपणे मांडलं ते एका मळेवाल्यानंच. आदोल्फ द प्लेविट्झ हे त्याचं नाव. 1867 च्या कायद्यानं करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं ओळखपत्र जवळ बाळगण्याची सक्ती केली होती. ते जवळ नसलं की रस्त्यात पकडून कोठडीत टाकत. 1871 मध्ये प्लेविट्झनं या मजुरांचा अर्ज तयार केला आणि त्यावर 9,401 जणांनी सह्या-अंगठे केले. मळेवाले त्याच्यावर खवळले, पण चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावं लागलं आणि 1875 मध्ये त्याचा अहवाल आला. पुढं 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी बेटावर सुमारे तीन आठवडे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात भाग घ्या, हे त्यांचं तिथल्या भारतीयांना सांगणं होतं. 1907 मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथं पोहोचले आणि मजुरांचे खटले लढू लागले.

1968 साली देश स्वतंत्र झाला तो 12 मार्चला, दांडी यात्रेच्या तारखेला. नव्या सरकारपुढं अवघड काम होतं. बाहेरच्या जगाला हे बेट माहीत होतं ते नामशेष झालेल्या डोडो पक्ष्यासाठी, 1847 च्या दुर्मिळ टपाल तिकिटांसाठी आणि बेर्नार्दँ द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाच्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या कादंबरीसाठी. या ओळखीत राबणारा माणूस कुठंच नव्हता.

तो आणायचा कसा? मॉरिशसनं त्यासाठी तीन साधनं वापरली: सुट्ट्या, नोटा आणि स्थळं.

सुट्ट्यांची यादी पाहिली की समाजाचा नकाशाच डोळ्यांपुढं येतो. तमिळांचं कावडी, चिनी वसंतोत्सव, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, दिवाळी, नाताळ, आणि मराठी लोकांची गणेश चतुर्थी. 1 फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याचा दिवस, 2 नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाचा. कुणाची संख्या किती, यापेक्षा कोण कोण या मातीत आलं, याची ही नोंद आहे.

नोटांवरही तोच विचार दिसतो. 25 रुपयांवर चिनी वंशाचे आ-चुएन, 100 वर तमिळ रंगनादन सीनीवासन, 200 वर मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद, 1000 वर गुलामांच्या वंशजांच्या क्रिओल समाजाचे गाएताँ द्यूव्हाल, 2000 वर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. मात्र हा समतोल किती नाजूक आहे हे 1998 मध्ये कळलं. त्या वर्षीच्या नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला. तमिळ समाज बेटावर आधी आला, म्हणून त्यांची भाषा आधी असायची. तो क्रम मोडल्यावर मोठा निषेध झाला. सरकारला त्या नोटा मागं घेऊन जुन्या क्रमानं पुन्हा छापाव्या लागल्या.

तिसरं साधन म्हणजे स्थळं, आणि मॉरिशसनं सर्वांत मोठी कमाई इथं केली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर 1849 पासून मजुरांची आवक-नोंद करणारी इमारत होती. ‘कुली घाट’ म्हणत तिला. बोटीतून उतरलेला माणूस सोळा दगडी पायऱ्या चढून वर येई आणि तिथं त्याला क्रमांक मिळे. देशानं ती जागा जपली, नाव बदलून ‘आप्रवासी घाट’ केलं आणि 2006 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. दोनच वर्षांनी, 2008 मध्ये, ल मोर्न हा डोंगरही यादीत आला. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्यांत लपून राहत. मजुरांच्या वंशजांना घाट, गुलामांच्या वंशजांना डोंगर. पुढं गुलामांच्या वंशजांचं सेगा गायन-नृत्य 2014 मध्ये आणि भोजपुरी बायकांचं लग्नातलं गीत-गवई 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंदलं गेलं. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळातले फोटो. वसाहतीच्या सरकारनं या वह्या माणसांवर पहारा ठेवण्यासाठी लिहिल्या. आज नातवंडं-पतवंडं त्यांतून आपलं मूळ गाव शोधतात.

परराष्ट्रांशी वागतानाही या देशानं कुठली एकच ओळख धरून ठेवली नाही. तो राष्ट्रकुलात आहे आणि फ्रेंच भाषिक देशांच्या संघटनेतही. 1993 मध्ये फ्रेंच भाषिक देशांची शिखर परिषद मॉरिशसनं भरवली. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1991 मध्ये, दुसरी जागतिक मराठी परिषदही याच बेटावर झाली होती.

मराठी समाज तिथं संख्येनं लहान आहे. देवापुढं मराठी, घरात क्रिओल, वाचायला फ्रेंच आणि कचेरीत इंग्रजी, असा त्याचा दिवस जातो. बेटावर आडनावांची जागा बऱ्याचदा बापाच्या नावानं घेतली आणि कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं ते लिहिलं गेलं. तरी गणपती टिकला. बेटावर 1896 साली पहिला गणेशोत्सव झाला असं तिथले मराठी लोक सांगतात. टिळकांनी पुण्यात उत्सवाला सार्वजनिक रूप दिल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. कोकणातली जाखडी तिथं ‘झाकरी’ नावानं नाचली जाते. प्राथमिक शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, चिनी यांच्याबरोबर मराठी हा विषय घेता येतो आणि गांधी संस्थेत ती वरच्या वर्गांना शिकवली जाते. मराठी मंडळ्यांचा महासंघ आहे. एप्रिल 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा तिथं उभा राहिला, तेव्हा महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री अनावरणाला गेले होते. पणदरे ज्या बारामती तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात अष्टविनायकांतलं पहिलं स्थान मोरगाव आहे. मोरगावच्या देवाची चतुर्थी एका फ्रेंच-क्रिओल बोलणाऱ्या देशाची राष्ट्रीय सुट्टी आहे, ही गोष्ट या तालुक्यातल्या शाळेत मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

या चित्रात तडे नाहीत असं नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस दंगलीनं पेटलं. ‘इंद्रधनुष्याचा देश’ म्हणून मिरवणाऱ्या समाजात क्रिओल माणूस मागंच राहिला आहे, हे तेव्हा सगळ्यांना पाहावं लागलं. निवडणुकीत उभं राहणाऱ्यानं आपला समाज जाहीर करावा या नियमावर 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं बोट ठेवलं. बहुतेकांची मायबोली असलेली क्रिओल शाळेत विषय म्हणून आली ती थेट 2012 मध्ये. पण मॉरिशसचं मोठेपण असं की या वादांनंतरही त्यानं मजुराला आपल्या ओळखीतून बाहेर काढलं नाही.

नीरा खोऱ्यानंही जगाला दाखवावं असं खूप केलं आहे. दुष्काळी मुलखात पाटाचं पाणी आलं, शेतकऱ्यांच्या मालकीचे सहकारी कारखाने उभे राहिले, शाळा-महाविद्यालयं निघाली. देश-विदेशातले पाहुणे बारामती पाहायला येतात, तेव्हा हे सगळं त्यांना दाखवलं जातं आणि ते दाखवायलाच हवं. त्या दाखवण्यात कोयत्यालाही जागा हवी. दर हंगामात पणदऱ्याच्या रानात ऊस तोडून गेलेल्या जोड्यांची नावं, त्यांची गावं, त्यांच्या कोपीत जन्मलेल्या लेकरांच्या नोंदी आज मुकादमांच्या वह्यांत आणि टोळ्यांच्या करारपत्रांत विखुरलेल्या आहेत. वह्या जुन्या झाल्या की रद्दीत जातात. मॉरिशसला आपला इतिहास सापडला तो अशाच वह्यांत. कारखान्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि तालुक्यातल्या महाविद्यालयांनी येत्या हंगामापासून एवढं एक काम हाती घ्यावं: तोडणी कामगारांच्या नोंदी गोळा कराव्यात, जपाव्यात आणि पुढच्या पिढीला पाहता येतील अशा ठेवाव्यात.