निकेलवर अडकलेलं तेल

आजच्या भागाची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातून. लहानपणी दिवाळीत चिरोट्यांचा साटा वनस्पती तुपातच व्हायचा. आईचं मत पक्कं होतं, साजूक तुपात तेवढे पदर सुटत नाहीत. मला मात्र तेव्हा कधी प्रश्न पडला नाही, की पातळ तेलाचं हे असं घट्ट, पांढरं, रवाळ काहीतरी होतं कसं?

त्यासाठी १८९७ मधल्या फ्रान्सला, तुलूझ शहरात जाऊ. पॉल साबातिए तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्याआधी पॅरिसमध्ये मोआसां आणि मोरू यांनी बारीक निकेलवरून ॲसिटिलीन वायू सोडला होता. धातू लालबुंद तापला, काजळी साठली. ते म्हणाले, धातूला भोकं आहेत, वायू त्यात कोंडतो आणि तापतो, बाकी काही नाही. साबातिएंना हे पटेना. आपले सहकारी सांदरां (हे धर्मगुरू होते बरं का!) यांच्याबरोबर त्यांनी इथिलीन आणि हायड्रोजन एकत्र करून निकेलवरून सोडले. निघाला इथेन. हायड्रोजन चक्क रेणूला जोडला गेला होता!

साबातिएंचं म्हणणं होतं, धातू नुसता भांडं नाही, तो स्वतः रसायनात भाग घेतो. तो क्षणभर पकडतो आणि सोडून देतो. पकड फार सैल असेल तर काही घडत नाही, फार घट्ट असेल तर रेणू चिकटूनच बसतो. १९१२ चं नोबेल साबातिएंना मिळालं, ग्रिन्यार यांच्यासोबत विभागून. सांदरांना नाही. मला हे अजून खटकतं.

साबातिए वायूंवर थांबले. जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी हीच युक्ती पातळ तेलावर वापरली आणि १९०२ मध्ये पेटंट घेतलं. १९३२ पर्यंत ती मुंबईत शिवडीच्या कारखान्यात पोहोचली, आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला.

पण त्या पृष्ठभागावर नेमकं होतं काय? याचं उत्तर १९३४ मध्ये मँचेस्टरमध्ये मिळालं, होरिउती आणि पोलान्यी यांच्याकडून. हे जरा नीट ऐका. हायड्रोजनचा रेणू निकेलवर बसताच त्याचे दोन तुकडे होतात. तेलाच्या रेणूत कार्बन-कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. तो एक हात सोडतो, आणि दोन्ही कार्बन धातूला धरतात. मग एका कार्बनला हायड्रोजन जोडला जातो. एकच! दुसरा अजून यायचाय. रेणू अर्धवट अवस्थेत लटकलाय.

इथे दोन वाटा आहेत. दुसरा हायड्रोजन आला, तर काम संपलं, रेणू सुटला. नाही आला, तर रेणू एक हायड्रोजन परत देतो, दुहेरी बंध पुन्हा बांधतो आणि निघून जातो. गोम अशी, की दुहेरी बंध असताना रेणूला तिथे वळता येत नाही, पण अर्धवट अवस्थेत वळता येतं. म्हणजे येताना वाकडा असलेला रेणू जाताना सरळ होऊन जाऊ शकतो. हाच ट्रान्स फॅट!

तेल पूर्ण घट्ट केलं तर मेणासारखं होतं, म्हणून कारखान्यात क्रिया मध्येच थांबवायची. मग असे परत फिरलेले रेणू भरपूर उरायचे. सरळ रेणू एकमेकांना खेटून बसतात, त्यामुळे तूप आणखी घट्ट. चिरोट्याच्या पदरांमध्ये त्यांचाही वाटा होता म्हणायचा.

१९९० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की ट्रान्स फॅटमुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा लागू व्हायला २०२२ उजाडलं. होरिउती-पोलान्यींच्या कागदावर तो अर्धवट रेणू ८८ वर्षं आधीच उभा होता.

आई आता साटा साजूक तुपात करते. पदर कमी सुटतात, हे दर दिवाळीला ऐकवतेच.