बेडाक्विलिन : क्षयरोगाचे औषध आणि पेटंटची लढाई
बेडाक्विलिन हे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचे (एमडीआर टीबी) औषध. अमेरिकेत २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याआधी रुग्णांना महिनोन्‌महिने कानामायसिनसारखी इंजेक्शने घ्यावी लागत. त्यात अनेकांची ऐकण्याची शक्ती गेली. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या त्यांपैकीच. जॉन्सन अँड जॉन्सनचे मूळ पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपणार होते. कंपनीला औषधाच्या क्षाररूपावर २०२७ पर्यंत मक्तेदारी हवी होती. दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी झाली. पेटंट कायद्याचे कलम ३(ड) आपल्या कार्यकर्त्यांनी वाचावेच, असे आम्हाला वाटते : जुन्या औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी नसेल, तर त्याला पेटंट मिळत नाही.