कंदुरी

‘पोरगं बरं होऊ दे, कंदुरी करीन.’ बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात, करजगीच्या पट्ट्यात असो की सोलापूर-धाराशिवात, पिराला असा नवस हिंदू घरांतूनही बोलला जातो. कंदुरी म्हटलं की बोकड आलाच. शब्दात मात्र बोकड कुठेच नाही! फारसीत ‘कंदूरी’ म्हणजे जेवताना अंथरायचं कापड, दस्तरखान. पुढे त्यावर वाढलेलं अन्न, मग बीबी फातिमाच्या नावाने घातलेली जेवणावळ. तमिळनाडूत नागोर दर्ग्याच्या उरुसाला ‘कंदूरी’च म्हणतात, तर समुद्रापार मलाय भाषेत ‘केंदुरी’ म्हणजे लग्न-मर्तिकाचं गावजेवण. मराठीने त्यात बोकड घातला.

बोकडावर पाणी शिंपडायचं, त्याने अंग झाडलं की नवस रुजू. सुरी मुलाण्याची, चूल यजमानाची, पंगत गावाची. मटण घरी न नेता तिथेच संपवायचं, अशीही रीत अनेक ठिकाणी आहे. अशीच रीत दूरवरही दिसते: नाब्लुसजवळच्या गरिझीम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन) लोक वल्हांडण सणाला कोकरं खड्ड्यात भाजतात, रात्रीतच खातात आणि उरलेलं जाळून टाकतात. हिब्रू ‘कोर्बान’ आणि आपल्याकडची ‘कुरबानी’ एकाच धातूच्या. अर्थ ‘जवळ येणं’. ‘कुरबानी’ने देवाशी जवळीक सांगितली, ‘कंदुरी’ने शेजाऱ्याशी.

कर्नाटकात १९५९च्या कायद्याने देवळाच्या आवारात पशुबळीला बंदी आहे. पण कंदुरीला बोकड हवाच असं नाही; उद्या कुणी नवसाला नुसता गोड भात केला, तरी ती कंदुरीच. उलट मूळ अर्थाला अधिक धरून.