एका आडनावाची पाचशे वर्षे

आडनावांचा विषय निघाला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम कुलाभिमान जागा होतो. आपल्याकडे कुलवृत्तान्त लिहिण्याची चाल आहे, आणि त्यांतला पहिला अध्याय बहुधा मूळ गावाचा असतो. परंतु एक साधी गोष्ट आपण विसरतो. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळुणात कोणी चिपळूणकर म्हणत नाही. तेथे सगळेच चिपळूणचे. गाव सुटल्यावर, परक्या वस्तीत ‘हे कोठले?’ असा प्रश्न निघाल्यावर ते नाव पडते. म्हणून गावावरून पडलेले आडनाव हा त्या गावातील वास्तव्याचा पुरावा खरा. पण त्याहूनही अधिक तो गाव सोडल्याचा पुरावा होय. हे विधान पडताळून पाहण्यासाठी आम्ही आज मुद्दाम दूरचे उदाहरण घेत आहोत. ते आहे यहुदी लोकांतील होरोवित्झ या आडनावाचे.

आजच्या चेक प्रजासत्ताकात, म्हणजे जुन्या बोहेमियात, प्रागच्या नैर्ऋत्येस होर्झोविट्से नावाचे एक लहानसे शहर आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस या गावचे म्हणून ओळखले जाणारे एक कुटुंब प्रागच्या यहुदी वस्तीत नांदत होते. ते लेवी कुळातले, म्हणजे प्राचीन मंदिरात सेवेचा अधिकार असलेल्या वंशातले. ही मंडळी हिब्रूत आपले नाव ‘ईश होरोवित्झ’ असे लिहीत. ‘ईश’ म्हणजे माणूस, होरोवित्झचा माणूस. मराठीत याचे भाषांतर करावयाचे तर ‘होरोवित्झकर’ याहून चांगला शब्द सापडणार नाही.

यहुदी माणूस आणि ‘कर’ ही जोडी आपल्याला अनोळखी नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजात केहीमकर, पेणकर, राजपूरकर अशी आडनावे आहेत. केहीमकरांचे किहीम अलिबागजवळच आहे. १९४८ नंतर या समाजातील पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, आणि लोद, अश्दोद, दिमोना या शहरांतून कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांची नावे ऐकू येऊ लागली. गाव मागे राहिला, नाव बरोबर गेले. बोहेमियात नेमके हेच चारशे वर्षे आधी घडले होते.

प्रागमध्ये या घराण्याचा उत्कर्ष झाला. १५३५ साली आहरोन मेशुल्लाम होरोवित्झ याने तेथे पिंकास सिनेगॉग बांधले. त्या काळी मध्य युरोपातील बहुतेक यहुद्यांना कायमचे आडनाव नसे. अमक्याचा मुलगा तमका, एवढीच ओळख. पुढच्या पिढीत तीही बदले. अशा समाजात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले नाव हीच मोठी प्रतिष्ठा होती.

मात्र प्रतिष्ठेने पायाखालची जमीन टिकत नाही. १५४१ साली बोहेमियातील यहुद्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. पुढे परतण्यास मोकळीक मिळाली. १७२६ च्या कायद्याने बोहेमियात ८,५४१ आणि मोराव्हियात ५,१०६ यहुदी कुटुंबे राहू शकतील अशी मर्यादा घातली. घरातील एकाच मुलाला, बहुधा थोरल्याला, विवाहाची परवानगी मिळे. धाकट्यांनी अविवाहित राहावे किंवा देश सोडावा. १७४४ च्या डिसेंबरात मारिया तेरेसा राणीने प्रागच्या यहुद्यांना शहराबाहेर काढले, आणि १७४८ साली परत येऊ दिले. या साऱ्या काळात पूर्वेकडील पोलंडचे दार त्या मानाने उघडे होते. होरोवित्झ नाव तेथे का वाढले, याचे उत्तर या कायद्यांत आणि हुकमांत बरेचसे सापडते.

या घराण्यातील सर्वांत मान्य पुरुष रब्बी यशाया होरोवित्झ. याचे चरित्र म्हणजे एक नकाशाच आहे. जन्म प्रागचा, तारुण्य पोलंडात. १६०६ साली तो फ्रँकफुर्टला धर्मगुरू झाला. १६१४ साली तेथील यहुदी वस्तीवर दंगेखोर तुटून पडले आणि लोकांना शहराबाहेर घालविण्यात आले, तेव्हा तो प्रागला परतला. १६२१ साली तो जेरुसलेमला गेला. १६२५ साली तेथील पाशाने त्याला इतर रब्बींसह कैदेत टाकले आणि खंडणी घेऊन सोडले. १६३० साली तो तिबेरियास येथे वारला. त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आम्स्टरडाममध्ये छापला गेला. ज्या गावचे नाव तो आयुष्यभर वागवीत होता, ते त्याच्या नकाशात कोठेच नाही.

आता नावाचे रूप पाहू. पूर्वेकडे जाता जाता होरोवित्झचे हुर्वित्झ झाले. रशियन भाषेत ‘ह’चा उच्चार नाही, तेथे ‘ह’च्या जागी ‘ग’ येतो. म्हणून हुर्वित्झचे गुरेविच झाले, आणि ‘विच’ हा रशियन पितृवाचक प्रत्यय असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते कोणा गुरीच्या मुलाचे नाव वाटू लागले. गावाचा माग असा पुसला गेला. १९०३ साली कीव्हमध्ये जन्मलेला प्रसिद्ध पियानोवादक व्लादिमिर होरोवित्झ रशियनमध्ये ‘गोरोवित्स’च होता, पश्चिमेकडे गेल्यावर जगाने त्याला पुन्हा ‘ह’ दिला.

येथे एक सावधगिरी हवी. ऑस्ट्रियाच्या राज्यात १७८७ साली आणि रशियात १८०४ साली यहुद्यांवर कायम आडनावाची सक्ती झाली. त्या वेळी ज्यांच्या आईकडे किंवा बायकोकडे हे मानाचे नाव होते, अशा कित्येकांनी ते घेतले. लेवी नसलेले होरोवित्झ भेटतात, त्याचे कारण हेच. कारण लेवीपण बापाकडूनच येते. नाव एक म्हणून रक्त एक, असे धरून चालणाऱ्या वंशवृक्षावर इतिहासाने विश्वास ठेवू नये.

तरीही नावाचा प्रवास खरा असतो. मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत विमानरचनाकारांच्या आद्याक्षरांवरून ‘मिग’ हे नाव पडले. यांतला मिखाईल गुरेविच कुर्स्क प्रांतातील एका यहुदी घरात जन्मला. १९६३ साली मिग-२१ आपल्या वायुदलात आले, पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले, आणि २०२५ साली सेवेतून निवृत्त झाले. बोहेमियातील त्या लहानशा गावाच्या नावातले एक अक्षर, तेही उच्चारात बदललेले, असे आपल्या ओझरपर्यंत येऊन पोहोचले.

शेवटी पुन्हा प्रागला जाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर होरोवित्झांच्या त्याच पिंकास सिनेगॉगच्या आतील भिंतींवर, नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातील सुमारे ७८,००० यहुद्यांची नावे हाताने रंगविण्यात आली. १९६८ साली पायात पाणी शिरल्यामुळे इमारत बंद झाली आणि अक्षरे गेली. १९९२ ते १९९६ या काळात ती सर्व नावे पुन्हा लिहिली गेली. नावे गाव आणि आडनाव यांच्या क्रमाने लावलेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना थडगे नाही.

आडनावांचा अभ्यास करावा तो मोठ्या पूर्वजाशी नाते लावण्यासाठी नव्हे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. माणसे कोठून निघाली, आणि त्यांना कोणी निघावयास लावले, हे त्यातून कळते. उद्या आपल्यापैकी कोणी आपला कुलवृत्तान्त उघडील, तेव्हा पहिल्या पानावरील गावाचे नाव वाचून त्याने तेथेच थांबू नये. तो गाव का सुटला, हेही विचारावे.