जिल्हा, तालुका, गाव : फ्रेमवर्कची कुळकथा

महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहायचा तर आधी विभाग निवडायचा, अमरावती. मग जिल्हा बुलढाणा, मग तालुका, मग गाव. ‘बुलढाणा’ म्हटले की पुढच्या ड्रॉपडाउनमध्ये जिल्ह्याचे तेरा तालुके यायला हवेत आणि मोताळा निवडला की फक्त मोताळ्याची गावे. शाळेच्या दाखल्यापासून पीक विम्यापर्यंत सरकारी अर्जांत ही साखळी हमखास असते. आता समजा, अर्ज भरणाऱ्याच्या ध्यानात आले की जमीन मोताळ्यात नाही, नांदुऱ्यात आहे. त्याने तालुका बदलला. पण गावाच्या रकान्यात मोताळ्याचे गाव तसेच राहिले. अर्ज गेला तो नांदुरा तालुक्यातल्या अशा गावाच्या नावाने, जे त्या तालुक्यात नाहीच. चूक एवढीशी, पण गेल्या वीस वर्षांत वेब ॲप बांधायची जी साधने निघाली, जेक्वेरी, अँग्युलर, रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, त्यांतल्या बहुतेकांचा जन्म या जातीच्या चुकांभोवती झाला आहे. आतली माहिती बदलली की स्क्रीननेही त्याच क्षणी बदलले पाहिजे, आणि हे कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नसावे, हा तो प्रश्न. प्रश्न एक असूनही उत्तरे अनेक निघाली, कारण तो वेगवेगळ्या ठिकाणी, वेगळ्या अडचणीतून पुढे आला. या साधनांची तुलना सहसा वेगाच्या तक्त्यांवरून किंवा लोकप्रियतेवरून होते. माझे म्हणणे असे की कोणते साधन कोणाच्या अडचणीतून जन्मले हे पाहिल्याशिवाय ती तुलना अपुरी राहते, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात वापरायच्या ॲपसाठी तर ती दिशाभूल करते.

सुरुवातीच्या वेबवर हा प्रश्न नव्हता. जिल्हा निवडून बटण दाबायचे, सर्व्हर पूर्ण नवे पान तयार करून पाठवायचा. पान दर वेळी कोरे येत असल्याने जुने गाव मागे राहण्याचा संभवच नव्हता. १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा तिच्याकडून अपेक्षा किरकोळ कामांचीच होती. पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी केली आणि १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून ती सगळ्यांच्या हाती आली. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले आणि या सोयीतून काय उभे राहू शकते ते जगाला दिसले. इथून पान जिवंत राहू लागले, आणि जिवंत पानावर जुने अवशेषही राहू लागले.

जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी काढली ती मात्र या दुखण्यावर नव्हे. तेव्हाचे दुखणे ब्राउझरांचे होते. एकच आज्ञा इंटरनेट एक्सप्लोररला एका तऱ्हेने द्यावी लागे, फायरफॉक्सला दुसऱ्या. जेक्वेरीने ही भांडणे स्वतःच्या पोटात घेतली आणि वर एक सुटसुटीत भाषा दिली. तिच्यात आपली तालुक्यांची साखळी लिहायची तर जिल्हा बदलला की तालुक्यांची यादी रिकामी करा, नवी भरा, गावांची यादीही रिकामी करा, ‘पुढे’ हे बटण बंद करा, असे एकेक पाऊल स्वतः सांगावे लागते. यातले एक पाऊल विसरले की नांदुऱ्यात मोताळ्याचे गाव. तीन ड्रॉपडाउन असतील तर हे सहज जमते. तीस रकाने एकमेकांवर अवलंबून असतील तर कोणालाच जमत नाही. ही मर्यादा जेक्वेरीचा दोष मानणे अन्यायाचे आहे. तिने जे काम अंगावर घेतले होते ते इतके नीट केले की आजही जगातली बहुसंख्य संकेतस्थळे तिच्यावर चालतात.

अँग्युलरजेएसचा जन्म अर्जांतून झाला. मिश्को हेवेरी २००९ च्या सुमारास गूगलमध्ये फीडबॅक नावाच्या अंतर्गत प्रकल्पावर होते. तिथे १७,००० ओळींचा कोड साठला होता. हेवेरींनी स्वतःच्या फावल्या वेळात केलेल्या साधनाने तो तीन आठवड्यांत १,५०० ओळींवर आणला, आणि गूगलने ते साधन उचलून धरले. त्याची कल्पना अशी की रकाना आणि आतली माहिती दोन्ही बाजूंनी बांधून टाकायची. एक बदलले की दुसरे आपोआप. अर्ज भरून घेणाऱ्या कामाला याहून सरळ उत्तर नाही. किंमत अशी की काही बदलले का हे पाहायला ते साधन बांधलेल्या प्रत्येक जागेची पुन्हापुन्हा तपासणी करी, आणि अशा जागा दोनेक हजारांच्या पुढे गेल्या की स्क्रीन अडखळे. गूगलने मग सगळे नव्याने लिहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेले अँग्युलर २ जुन्याशी जुळणारे नव्हते, आणि जुन्या अँग्युलरजेएसचा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. गूगलसारख्या घराला असे पुनर्लेखन परवडते. एकदा निविदा काढून ॲप बांधून घेणाऱ्या आणि नंतर पाच-सात वर्षे तेच वापरणाऱ्या कार्यालयाला ते परवडत नाही. ही गोष्ट वेगाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

रिॲक्टची अडचण निराळी होती, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. उदाहरणार्थ, फेसबुकवर चॅटच्या चिन्हावर लाल रंगात ‘१’ दिसे. माणूस उघडून पाही, तर नवा संदेश नसे. तो आकडा जाई आणि थोड्या वेळाने परत येई. कारण एकच होते. न वाचलेल्या संदेशांचा आकडा, चॅटची खिडकी आणि संदेशांचे मुख्य पान ही तीन ठिकाणे तीन वेगळ्या वाटांनी बदलली जात, आणि त्यांवर अनेक गट एकाच वेळी काम करत. दुरुस्ती केली की दोष काही दिवस नाहीसा होई आणि पुन्हा उगवे. जॉर्डन वॉक यांनी फेसबुकच्याच पीएचपीतल्या एक्सएचपी या जुन्या प्रयोगाचा धागा धरून वेगळा विचार मांडला : काय बदलले याचा हिशेब माणसाने ठेवूच नये. माहिती बदलली की सगळी स्क्रीन नव्याने आखली आहे असे समजून लिहावे. जुन्या-नव्यातला फरक यंत्राने काढावा आणि तेवढाच भाग बदलावा. म्हणजे दर वेळी कोरे पान पाठवणाऱ्या जुन्या सर्व्हरची शिस्त ब्राउझरच्या आत आली. २०११ मध्ये रिॲक्ट फेसबुकच्या न्यूजफीडमध्ये लागले, २०१२ मध्ये इन्स्टाग्रामवर, आणि मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पहिले स्वागत थंड होते. जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएल मिसळणे लोकांना अशुद्ध वाटले. विचार मात्र भक्कम होता आणि तो टिकला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उडी. पण ती ज्या संस्थेने मारली तिच्याकडे शेकडो अभियंते होते आणि एकच स्क्रीन अनेक हातांनी बदलली जात होती, हेही तितकेच खरे. शिवाय घराबरोबर घरचे वकीलही येतात. रिॲक्टच्या परवान्यातल्या पेटंटच्या कलमावरून २०१७ मध्ये अपाचे फाउंडेशनने ते नाकारले, वर्डप्रेसने ते सोडायची तयारी केली, तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये फेसबुकने परवाना बदलून एमआयटीचा केला.

व्ह्यू एका माणसाच्या गरजेतून आले. एव्हन यू गूगलच्या क्रिएटिव्ह लॅबमध्ये झटपट नमुने बनवत. अँग्युलरमधला बांधणीचा भाग त्यांना हवा होता, बाकीचा डोलारा नको होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी तेवढाच भाग हलका करून लोकांपुढे ठेवला. म्हणून व्ह्यू आजही असलेल्या जुन्या पानाच्या एका कोपऱ्यात बसवता येते, सगळे पान त्याच्या हवाली करावे लागत नाही. स्वेल्टची कथा वृत्तपत्रातली. रिच हॅरिस गार्डियन आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातम्यांसोबतचे हलते तक्ते आणि नकाशे करत. तो तक्ता ज्याच्या फोनवर उघडणार त्याचा फोन कोणता, नेट कसले, हे आधी कळत नाही, आणि वाचक दोन मिनिटांत निघून जाणार असतो. त्याच्यावर सगळी लायब्ररी लादायची कशाला? २०१६ च्या अखेरीस आलेल्या स्वेल्टने हिशेबाचे काम बांधणीच्या वेळीच उरकले : लेखकाच्या संगणकावर कोड असा घडवायचा की वाचकाच्या फोनवर फक्त आवश्यक तेवढ्याच आज्ञा जातील.

महाराष्ट्रात या कुळाची एक शाखा आहे आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. मुंबईच्या रुशभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायातली नोंदवही सांभाळता यावी म्हणून सॉफ्टवेअर लिहायला घेतले; त्यातून फ्रॅपे फ्रेमवर्क आणि त्यावर उभे असलेले ईआरपीनेक्स्ट निघाले. फ्रॅपेची सुरुवात २००५ ची, म्हणजे जेक्वेरीच्याही आधीची. त्यात अर्ज लिहायचा नसतो, अर्जाचे वर्णन करायचे असते : हा रकाना तारखेचा, हा दुसऱ्या यादीतून निवडायचा, हा भरल्याशिवाय पुढे जायचे नाही. या वर्णनाला ते डॉकटाइप म्हणतात. स्क्रीन, डेटाबेसमधला तक्ता, यादीचे पान, कोणी काय पाहावे याचे नियम, सगळे त्यातून तयार होते. त्याचा पडदा पुढे जेक्वेरीवर उभा राहिला आणि अलीकडची उत्पादने त्यांनी व्ह्यूवर बांधली. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. वीस वर्षे व्हाउचर आणि बिले सांभाळणाऱ्यांना जुने न मोडता कोपऱ्याकोपऱ्याने बदलता येणारे साधन हवे होते, आणि त्यांनी तसेच जन्मलेले साधन घेतले.

यावर पहिला आक्षेप असा की जन्मकथा कितीही रंजक असली तरी आज ही साधने एकमेकांसारखी झाली आहेत. ते बरेचसे खरे आहे. तुकड्यातुकड्यांनी स्क्रीन बांधायची रीत सगळ्यांनी घेतली. नेमका बदललेला धागा ओळखणारे सिग्नल २०२३ मध्ये अँग्युलरमध्ये आले, २०२४ मध्ये स्वेल्ट ५ मध्ये. रिॲक्टनेही स्वतःचा कंपायलर काढला. पण क्षमता सारख्या झाल्या तरी सवयी राहिल्या. काही न ठरवता नवा प्रकल्प सुरू केला तर रिॲक्ट तुम्हाला आणखी चार लायब्ऱ्या निवडायला लावते, कारण निवड करणारा अनुभवी गट समोर आहे असे ते धरून चालते. अँग्युलर सगळे आधीच ठरवून देते, कारण मोठ्या संस्थेत माणसे बदलतात आणि पद्धत एकच राहावी लागते. अनुभवी हात सहसा या सवयी वाकवू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी काम घेणाऱ्या दोन-तीन जणांच्या गटाला त्या जशा आहेत तशाच घ्याव्या लागतात.

दुसरा आक्षेप जास्त जोरदार आहे : आता हातोहाती स्मार्टफोन आहेत, नेट स्वस्त आहे, चार-पाचशे किलोबाइटची चिंता कशाला? रिॲक्टचा गाभा दाबून पाठवला तर चाळीसेक किलोबाइटचा. त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते त्यावर चढलेल्या थरांनी. एचटीटीपी आर्काइव्हच्या २०२४ च्या पाहणीत मोबाइलवरच्या मध्यम पानावर जावास्क्रिप्टचा भार ५०० किलोबाइटच्या वर होता. आणि डेटाचे पैसे हा त्यातला लहान भाग. आलेला कोड फोनला उलगडावा आणि चालवावा लागतो, आणि सात-आठ हजारांच्या फोनचा प्रोसेसर महागड्या फोनच्या मानाने कितीतरी मंद असतो. चित्र तेवढ्याच किलोबाइटचे असले तर फोन ते लगेच दाखवतो. कोड तेवढा असला तर बोट दाबूनही ड्रॉपडाउन उघडत नाही. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज येते-जाते. पीक विम्याची मुदत जुलैच्या शेवटी सरत आली की सेवा केंद्रावर आणि घरोघरी एकाच वेळी अर्ज उघडले जातात. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हे मोबाइल ॲप आहे, वेब ॲप नव्हे. पण शेतात उभे राहून फोटो घ्यायचा आणि माहिती पाठवायची ही तिची रीत नेमकी याच परिस्थितीशी झुंजते. हा प्रसंग फेसबुकच्या लाल आकड्याशी जुळत नाही. तो जुळतो हॅरिस यांच्या अनोळखी वाचकाशी. म्हणून एकट्या अर्जासाठी सर्व्हरनेच तयार केलेले साधे पान, साखळीपुरता स्वेल्टचा किंवा व्ह्यूचा छोटा तुकडा आणि भरलेले फोनवरच जपून रेंज आल्यावर पाठवायची सोय, ही मांडणी मला इथे योग्य वाटते. तहसील कार्यालयात दिवसभर एकाच संगणकावर शेकडो रकाने हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी मात्र अँग्युलर किंवा फ्रॅपे उजवे. तिथे पान एकदा उघडते आणि संध्याकाळपर्यंत चालते.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा. शेगावला १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून किंवा खामगाव, चिखलीहून पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलाला जाहिरातीत रिॲक्ट मागतात, मग त्याने स्वेल्टच्या जन्माची चौकशी का करावी? त्याने रिॲक्ट शिकावे, यात मला शंका नाही. पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून सल्ला देणे चुकीचे. पण नोकरी मिळवायला जे शिकलो तेच गावच्या कामाला लावावे असे बंधन नाही, आणि ज्याने एकदा जेक्वेरीत तालुक्यांची साखळी हाताने लिहून तिची चूक पाहिली त्याला रिॲक्ट कशासाठी आहे हे इतरांपेक्षा लवकर कळते. खरी अडचण विद्यार्थ्यांची नाहीच, काम देणाऱ्यांची आहे. निविदेत ‘अद्ययावत तंत्रज्ञान’ असे मोघम लिहिले जाते आणि ठेकेदार त्या वर्षी चलनात असेल ते घेतो. त्याऐवजी किती रुपयांच्या फोनवर, किती कमी नेटवर, किती सेकंदांत पान वापरायला तयार झाले पाहिजे, मध्येच रेंज गेली तर भरलेले टिकले पाहिजे, आणि मूळ साधनाचा आधार संपला तर बदलाचा खर्च कोण सोसणार, एवढे आकड्यांत लिहिले तर फ्रेमवर्कचे नाव निविदेत घालण्याची गरजच उरत नाही.