अर्धस्वयंचलित रायफलींचा प्रारंभीचा इतिहास

एकदा चाप ओढला की एक गोळी सुटावी, रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जावे आणि नवे काडतूस नळीत बसावे, अशी रचना असलेल्या शस्त्राला अर्धस्वयंचलित किंवा स्वयंभरण रायफल म्हणतात. प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो, म्हणून ती पूर्ण स्वयंचलित नव्हे. या कल्पनेवरील पहिले गंभीर प्रयोग १८८० च्या दशकात सुरू झाले. तथापि, एखाद्या मोठ्या सैन्याने अशी रायफल पायदळाचे मुख्य शस्त्र म्हणून स्वीकारण्यास १९३६ साल उजाडावे लागले.

दारूचा अडसर

गोळी सुटताना बंदुकीला मागे बसणारा धक्का आणि नळीत निर्माण होणारा वायूचा दाब ही एरवी वाया जाणारी शक्ती होय. या शक्तीकडून काडतूस भरण्याचे काम करून घेता येईल, हे हिराम मॅक्झिम यांनी १८८० च्या दशकात आपल्या मशीनगनद्वारे सिद्ध केले. ऑस्ट्रियाचे शस्त्रसंशोधक फर्डिनांड मानलिखर यांनी १८८५ मध्ये हेच तत्त्व खांद्यावरून झाडायच्या रायफलीत आणण्याचा प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही. त्या काळच्या काळ्या दारूची काजळी यंत्रणेत साचत असे आणि थोड्याच गोळ्यांनंतर सरकणारे भाग अडकत असत.

फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये धूरविरहित दारू तयार केली होती. १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलीपासून तिचा लष्करी वापर सुरू झाला. ही दारू फारशी काजळी न ठेवता जळत असल्याने स्वयंभरण रायफलीचा मार्ग मोकळा झाला.

मेक्सिकोचा पुढाकार

हे पाऊल प्रथम उचलण्याचा मान युरोपातील कोणत्याही महासत्तेकडे नव्हे, तर मेक्सिकोकडे जातो. तेथील लष्करी अधिकारी मॅन्युएल मोंड्रागोन यांनी वायूच्या दाबावर चालणारी रायफल तयार केली. मेक्सिकोच्या सैन्याने १९०८ मध्ये ती स्वीकारली. देशात तिच्या निर्मितीची सोय नसल्याने स्वित्झर्लंडमधील सिग या कंपनीला काम देण्यात आले. परंतु १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांतीचा भडका उडाला, १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियाझ यांना पायउतार व्हावे लागले आणि मागणीपैकी थोड्याच रायफली देशात पोहोचल्या. शिल्लक रायफली पहिल्या महायुद्धात जर्मनीने घेतल्या. खंदकांतील चिखलात त्या टिकेनात. म्हणून त्या विमानांतील निरीक्षकांना देण्यात आल्या.

मोठ्या संख्येने अशी रायफल रणांगणावर उतरवली ती फ्रान्सने. १९१७ च्या नमुन्याच्या आरएससी रायफलीचे सुमारे ८५ हजार नग तयार झाले. ती लांब आणि वजनदार होती, शिवाय तिचा काडतुसांचा कप्पा नाजूक असल्याच्या तक्रारी होत्या. तरीही कारखान्यात मोठ्या प्रमाणावर निर्मिती शक्य आहे, हे तिने दाखवून दिले.

सेनापतींचा संशय

यंत्रणा सुधारत असतानाही अनेक देशांची सैन्ये स्वस्थ का राहिली? वेगाने गोळ्या झाडता आल्या तर सैनिक त्या उधळतील आणि आघाडीवर दारूगोळा पुरवणे अशक्य होईल, अशी भीती सेनापतींना वाटत असे. प्रशिक्षित ब्रिटिश सैनिक हाताने बोल्ट ओढून मिनिटाला १५ नेमके बार काढू शकत असे. मग महागडे व नाजूक यंत्र कशासाठी, असा प्रश्न विचारला जाई. कोठारांत पडून असलेल्या जुन्या काडतुसांचा खर्च हेही मोठे कारण होते.

अमेरिकेत हीच अडचण निर्णायक ठरली. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात कॅनडात जन्मलेले जॉन गारंड १९१९ पासून या कामी गुंतले होते. नव्या रायफलीसाठी लहान व्यासाच्या काडतुसाचा विचार सुरू असताना, १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी जुनेच काडतूस कायम ठेवण्याचा आदेश दिला. प्रतिस्पर्धी जॉन पेडरसन यांची रायफल मागे पडली आणि जानेवारी १९३६ मध्ये गारंड यांची एम-१ रायफल स्वीकारण्यात आली. तिच्यात आठ काडतुसे एकाच वेळी भरता येत. पुढे अशा ५० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. गारंड यांनी आपले हक्क सरकारला दिले होते. त्यांना एक लाख डॉलर देण्याचा प्रस्ताव अमेरिकी संसदेत आला, पण तो संमत झाला नाही.

भारताचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवान हाताने बोल्ट ओढावी लागणारी पॉइंट ३०३ रायफल घेऊन लढले. १९६२ च्या चीनयुद्धातही बहुसंख्य जवानांकडे तीच होती. समोरच्या चिनी सैनिकांकडे मात्र सोव्हिएत नमुन्याच्या अर्धस्वयंचलित रायफली होत्या. त्यानंतर बेल्जियमच्या फॅल रायफलीच्या धर्तीवर पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल तयार होऊ लागली. जवानांच्या तोंडी ती ‘एसएलआर’ म्हणून रुळली आणि १९७१ च्या युद्धात ती भारतीय पायदळाच्या हाती होती. मानलिखर यांच्या पहिल्या प्रयोगापासून भारतीय जवानाच्या खांद्यापर्यंतच्या या प्रवासाला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला.